कोरी पट्टी

१

बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी साहेबांनी दोनशे अठरा नंबरची फाइल मागवली, आणि ती जागेवर नव्हती.

दुसऱ्या कुठल्या कचेरीत असं झालं असतं तर लोकांनी चहाचा घोट घेऊन "मिळेल हो" म्हटलं असतं. पण परवाना विभागाच्या तळमजल्यावरच्या दप्तरखान्यात एकतीस वर्षांत एक कागद हरवला नव्हता, कारण तिथे दप्तरी होता. त्याला नाव होतं, पगारपत्रकावर ते दर महिन्याला छापूनही येई. पण त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. कचेरीत सगळे दप्तरी म्हणत. घरी हाक मारायलाच कोणी नव्हतं.

दप्तरीची एक शिस्त होती. फडताळातून फाइल काढली की तिच्या जागी पुठ्ठ्याची पट्टी उभी करायची आणि तिच्यावर नेणाऱ्याचं नाव नि तारीख लिहायची. पट्ट्या दाराच्या मागच्या बाजूला खिळ्याला अडकवलेल्या असत, बाहेरून कोणाला दिसत नसत. पट्टी ठेवली नाही तर शेजारच्या फाइली कलंडतात, कडा दुमडतात आणि दप्तरीचा सगळा दिवस वाया जातो. शिपायाला हे अकरा वर्षं सांगून झालं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तो फाइल उपसायचा आणि चालू पडायचा.

आता दोनशे सतरा आणि दोनशे एकोणीसच्या मधोमध एक पट्टी उभी होती. कडेला कड लावून, अगदी सरळ. तिच्यावर एक अक्षरही नव्हतं.

फाइल एका लहानशा हॉटेलची होती, वीस खुर्च्यांच्या. त्या वीस खुर्च्यांसाठी दीड वर्षात काय काय गोळा झालं होतं! आगीचा ना-हरकत दाखला, आरोग्य खात्याचा दाखला, पाण्याची तपासणी, मोरीचा नकाशा, धुराड्याची उंची, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची हरकत आणि ती हरकत मागे घेतल्याचं पत्र. फाइल चार बोटं जाड झाली होती. आता फक्त साहेबांची सही राहिली होती, आणि ती बुधवारी व्हायची होती.

"गेली म्हणजे कुठे गेली?" साहेबांनी विचारलं.

"शोधतो, साहेब."

"शुक्रवारी पाचपर्यंत माझ्या टेबलावर पाहिजे. नाहीतर मला वर लिहून द्यावं लागेल, आणि त्यात तुमचंच नाव येणार. निवृत्तीला किती राहिलेत?"

"आठ महिने."

"मग बघा बुवा. काल संध्याकाळी होती?"

"काल दुपारी एकला मी स्वतः पाहिली. सव्वाला तुमच्याकडे वर आलो होतो रजिस्टरवर सही घ्यायला. पाव तास. नंतर पाहिली नाही."

"आणि त्या पाव तासात खोली?"

"बंद होती, साहेब."

दप्तरीने एकतीस वर्षांत साहेब लोकांशी बोललेलं हे पहिलं खोटं होतं.

२

सगळ्यात आधी त्याने खिडकीवालीला विचारलं. अर्ज घेणाऱ्या खिडकीत ही बाई बसे, आणि पूर्वी दप्तरखान्यात येई तेव्हा अख्ख्या कचेरीत पट्टीवर न चुकता नाव लिहिणारी तीच एक होती. पण तिला धुळीने शिंका येत, म्हणून तिने दप्तरखान्याचा उंबरठा दोन वर्षांत ओलांडला नव्हता.

"मी कशाला नेऊ?" ती म्हणाली. "उलट मी वाट बघत होते, एकदाची निकाली निघू दे म्हणून. अहो, कोणी नेली असेल? त्या एजंटने तर नाही? हॉटेलवाल्यांनी त्याला काम दिलं नाही, तेव्हापासून तो धुसफुसतोय."

शिपायाने कानावर हात ठेवले. "मी नेली असती तर पट्टी कशी असती?" तो म्हणाला. हे बाकी अगदी खरं होतं. स्वतःच्या आळशीपणाचा असा पुरावा देणारा माणूस दप्तरीने पहिल्यांदाच पाहिला.

साडेबाराला सूनबाई आली. फाइल तिच्याच नावाची. ती एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात पहाटेपासून संध्याकाळपर्यंत काम करी, त्यामुळे दीड वर्ष कचेरीच्या फेऱ्या तिच्या सासऱ्यांनी मारल्या होत्या. ती स्वतः फार तर चार वेळा आली असेल. सासऱ्यांवरून सगळी कचेरी तिला सूनबाई म्हणे. आज ती कामावरच्या कपड्यांत होती आणि तिच्या बाहीला पीठ लागलेलं होतं.

"खिडकीतल्या बाईंचा फोन आला," ती म्हणाली. "खरंय का?"

दप्तरीने मान हलवली.

ती रडली नाही, ओरडली नाही. बाकावर बसली. "मी बाबांना एक गोष्ट सांगितलेली नाही, उगाच जिवाला घोर नको म्हणून. जागामालकाचं संमतिपत्र शुक्रवारपर्यंतच आहे. त्याच्याकडे औषधांच्या दुकानाचा मालक रांगेत उभा आहे. शुक्रवारी पाचला माझ्या हातात परवाना नसला तर जागा गेली. जागा गेली की नकाशा गेला, नकाशा गेला की आगीचा दाखला गेला. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आणि पुन्हा पहिल्यापासून मला नाही जमणार. तेवढी ताकद नाही राहिली आता."

"शुक्रवारच्या आत मिळेल," दप्तरी म्हणाला.

"कोणी नेली असेल?"

"तेच बघतोय."

ती गेली आणि बरोबर एक वाजता तिचे सासरे आले.

त्यांना कचेरीत हजेरीबाबा म्हणत, कारण त्यांची हजेरी शिपायापेक्षा चोख होती. चाळीस वर्षं त्यांनी घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचले होते. अनोळखी दारात उभं राहून पाच मिनिटांत घरचं होणं हा त्यांचा खरा धंदा. बायको आधीच गेली होती, एकुलता मुलगा चार वर्षांपूर्वी गेला. घरात ते आणि सून. दीड वर्षापूर्वी ते पहिला अर्ज घेऊन आले, कुठला कागद आधी लावायचा ते विचारायला दप्तरखान्यात डोकावले, आणि मग रोजच डोकावू लागले. पुढे पुढे दुपारचा डबा तिथेच उघडू लागले. दप्तरीने त्यांना फाइल कशी ओवायची, नाडी कशी बांधायची, सगळं शिकवलं होतं. ते साहेबांची नक्कल करत, भुवया वर नेऊन, आणि दप्तरीला ठसका लागे. त्या ठसक्यासाठी दप्तरी सकाळपासून एक वाजायची वाट बघत असे, हे त्याने कधी कबूल केलं नसतं.

"कळलं का, बाबा?" त्याने विचारलं.

"कळलं, कळलं." हजेरीबाबांनी पिशवी मांडीवर घेतली. डबा काढला, झाकण उघडलं, परत लावलं. "नव्याने करायचं म्हटलं तर किती दिवस लागतात हो, दप्तरीसाहेब?"

दप्तरी त्यांच्याकडे बघत राहिला. सकाळपासून त्याला चार माणसं भेटली होती, त्यांतल्या एकानेही हे विचारलं नव्हतं.

३

एजंट कचेरीच्या समोर चहाच्या टपरीशेजारी उभा असे. लोकांचे अर्ज भरून देणं, रांगेत उभं राहणं, कुठल्या दिवशी साहेब खुशीत असतात ते सांगणं, हा त्याचा व्यवसाय. सूनबाईने त्याला काम दिलं नव्हतं, आणि तो हे सगळ्यांना सांगत फिरे. त्यामुळे संशय घ्यायला तो अगदी आयता माणूस होता.

"दप्तरी, मी बदनाम आहे, पण मूर्ख नाही," एजंट म्हणाला. "फाइल गायब केली तर उद्यापासून कोण मला दारात उभं करेल? आणि तुमच्या खोलीत मी कधी आलोय का? तुमची फडताळं कुठल्या भिंतीला आहेत तेही मला माहीत नाही."

"जागी पट्टी ठेवून गेलाय नेणारा," दप्तरी म्हणाला.

"कसली पट्टी?"

दप्तरीने पट्टीची पद्धत सांगितली. एजंटने ग्लास खाली ठेवला आणि तो मनापासून हसला.

"अहो, चोरी करताना शेजारच्या फाइली पडू नयेत म्हणून काळजी घेतली? नाव लिहिलं नाही, पण पट्टी ठेवल्याशिवाय हात निघेना! याला काय चोर म्हणायचं? हा तर तुमचा शिष्य झाला की!"

दप्तरी हसला नाही. टपरीच्या फळीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला. एजंटने दोनदा विचारलं, चहा घेणार का, तेव्हा त्याने नको म्हटलं. मनात एक नाव आलं होतं. दारात आलेल्या नको त्या माणसाला परत पाठवावं तसं त्याने ते परत पाठवलं आणि घड्याळ बघितलं. पाच वाजले होते.

मग तो वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे गेला. हॉटेलच्या जागेच्या बरोबर वर एक निवृत्त मास्तर राहत. धुराची हरकत त्यांचीच. आता तिकडे जायची गरज होती की नव्हती, हे दप्तरीचं दप्तरीला माहीत. पण तो गेला आणि चांगला तासभर बसला.

"हरकत घेतली होती, मागेही घेतली," मास्तर म्हणाले. "धुराडं सहा फूट वर नेलं त्यांनी. ते म्हातारबुवा तीन वेळा आले होते समजूत घालायला. तिसऱ्या वेळी तर समजूत घालायचं विसरूनच गेले, नुसत्या गप्पा मारून गेले. मी कशाला फाइल नेऊ? मला गुडघ्यांनी जिना उतरवत नाही."

ते खरंच होतं. दार उघडायला येतानाही मास्तर भिंत धरून आले होते.

४

गुरुवारी सकाळी दप्तरीने अर्ध्या दिवसाची परवानगी काढली आणि तो अग्निशमन केंद्रात गेला. आगीच्या दाखल्याची नक्कल मिळाली तर नवी फाइल उभी करायला निदान एक कागद हाताशी राहील, असं त्याने साहेबांना सांगितलं.

केंद्रातल्या लेखनिकाने जाडजूड वही उघडली. "दोनशे अठरा, वीस खुर्च्या, तळमजला. हो, आहे. पण तुम्हाला घाई कसली? दाखल्याची मुदत वाढवून दिली आहे ना आम्ही. तीन महिने."

"मुदत वाढवली? कोणी मागितली?"

"अर्जदारातर्फे अर्ज आलाय. सोमवारचा."

सोमवार! फाइल गेली मंगळवारी. बुधवारी सही होऊन परवाना हातात पडणार, हे सोमवारी सगळ्या कचेरीला माहीत होतं. दोन दिवसांत ज्याचं काम संपणार, त्या दाखल्याला तीन महिन्यांची वाढ मागतो कोण? ज्याला उशीर होणार हे आधीच माहीत आहे, तो. आणि ज्याला उशीर हवा आहे पण नुकसान नको आहे, तो. वैऱ्याने दाखला सुखाने मरू दिला असता.

"सही कोणाची आहे बघायचीय?" लेखनिकाने अर्ज पुढे सरकवला.

दप्तरीने सही पाहिली. चष्मा काढून पुसला आणि परत पाहिली. मग आभार मानून तो बाहेर पडला आणि झपाझप चालत कचेरीत आला, कारण एक वाजत आला होता.

हजेरीबाबा बाकावर बसले होते. दप्तरीने खुर्ची ओढली. दोघांनी डबे उघडले.

"काही लागला का पत्ता?" हजेरीबाबांनी डब्यातच बघत विचारलं.

"शोधतोय," दप्तरी म्हणाला.

मग हजेरीबाबांनी एक जुना किस्सा सांगितला. एका घरात मीटर वाचायला गेले असताना बाई भांडून माहेरी निघाली होती आणि नवऱ्याने यांनाच मध्यस्थ केलं. मीटर राहिला बाजूला, हे संध्याकाळी जेवूनच निघाले. दप्तरीला ठसका लागला. हजेरीबाबांनी त्याला पाणी दिलं, पाठीवर थाप मारली. दोन वाजेपर्यंत दोघे बसले होते. इतका वेळ ते आधी कधीच बसले नव्हते.

५

शुक्रवारी एकला दप्तरीने स्वतःचा डबा उघडला नाही.

"बाबा," तो म्हणाला, "माझा हिशोब सांगतो. चुकला तर थांबवा."

हजेरीबाबांनी हात मांडीवर ठेवले.

"पट्ट्या कुठे असतात ते माझ्याशिवाय या कचेरीत तिघांना ठाऊक. शिपाई पट्टी ठेवत नाही. खिडकीवाली ठेवायची, पण आता आत येत नाही. शिवाय पट्टी ठेवली कोणी, तर ज्याला माझी फडताळं कलंडलेली बघवणार नाहीत त्याने. मला अडकवायचं असतं तर त्याने पट्टी ठेवली नसती. दुसरं, आगीच्या दाखल्याला सोमवारीच वाढ मागितली गेली, तुमच्या सहीने. तिसरं, बुधवारी ज्यांनी विचारलं त्यांनी एवढंच विचारलं, कुठे गेली, कोणी नेली. तुम्ही तेवढे म्हणालात, नव्याने करायला किती दिवस लागतात. आणि शेवटचं म्हणजे मंगळवारी सव्वाला मी वर गेलो तेव्हा खोली बंद नव्हती. बाहेरच्या माणसाला आत बसवून जायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी साहेबांशी खोटं बोललो. खोलीत तुम्ही होतात. गेले वर्षभर रोज असता तसे."

हजेरीबाबांनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मी फक्त तीन महिने मागितले होते हो."

"पण का?"

"ती संध्याकाळी सातला बाजारहाट करून येते. हात धुते, समोर बसते आणि विचारते, बाबा, आज काय झालं कचेरीत? मग मी सांगतो. साहेब काय म्हणाले, खिडकीवाली कशी शिंकली, तुम्ही काय म्हणालात. कधी काही झालेलं नसतं, तेव्हा जुळवून सांगतो. ती हसते. मुलगा गेल्यावर अडीच वर्षं आम्ही काय बोलायचो, माहितीय? दूध आलं का. दिवा बंद केला का. बस्स. दोघंही एकमेकांसमोर रडायचं नाही म्हणून गप्प." "हॉटेल उघडलं की ती सकाळी सहाला जाणार आणि लोक जेवून गेले की येणार. मी दिवसभर घरात बसून तिला काय सांगू? आणि ती मला विचारेल तरी काय?"

दप्तरीने आपला बंद डबा उगाच सरळ करून ठेवला.

"एक आठवडा थांबा ना," हजेरीबाबा एकदम पुढे वाकले. "एकच आठवडा. मीच आणून ठेवतो, फडताळाच्या मागे सापडली म्हणू. तुम्हाला तरी कुठे घाई आहे?"

"बाबा, जागामालकाचं पत्र आज पाचपर्यंतच आहे. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून तिने तुम्हाला सांगितलं नाही. आज पाचला जागा जाते."

हजेरीबाबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते उठले, डबा तसाच उघडा टाकून चालू लागले. दप्तरी त्यांच्या मागे निघाला.

पण म्हातारी पावलं आणि शुक्रवारची गर्दी! बस मिळायला वेळ गेला, मधे रस्ता खणलेला होता. हजेरीबाबांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी ते पोचले तेव्हा तीन वाजले होते, आणि दार उघडंच होतं.

सूनबाई घरातच होती. कामावर गेलीच नव्हती. टेबलावर तिने कोरे अर्ज मांडले होते आणि ती ते पहिल्यापासून भरत होती. चौथं पान चालू होतं. जागेचा पत्ता लिहायचा रकाना तिने रिकामा सोडला होता.

हजेरीबाबा तिच्या शेजारून आतल्या खोलीत गेले. मीटर वाचायला जाताना वापरत ती जुनी कातडी पिशवी त्यांनी आणली, तिच्यातून फाइल काढली आणि कोऱ्या अर्जांवर ठेवली.

"कुठे मिळाली?" ती उठून उभीच राहिली.

दप्तरीने तोंड उघडलं. फडताळाच्या मागे, असं सांगायचं त्याने वाटेत ठरवलं होतं. पण हजेरीबाबाच आधी बोलले.

"माझ्याकडे होती. मंगळवारी मीच आणली."

तिने पेनाला टोपण लावलं. "का, बाबा?"

जे दप्तरीला सांगता आलं होतं ते त्यांना सुनेला सांगता येईना. ते रिकाम्या पिशवीचा पट्टा लावत राहिले. ती वाट बघत राहिली. शेवटी दप्तरीच म्हणाला, "साहेब चारला मीटिंगला जातात." तेव्हा तिने फाइल छातीशी धरली आणि सासऱ्यांकडे न बघता ती जिना उतरली.

६

बसमध्ये दप्तरीने तिला सगळं सांगितलं. पट्टी, आगीचा दाखला, एजंटचं हसणं, मंगळवारचा पाव तास, आणि संध्याकाळी सातची गोष्टही. सगळं ऐकून घेईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

"हे हॉटेल मी कशाला काढतेय, तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणाली. "मला स्वयंपाकाची हौस उरलेली नाही. दिवसाला तीनशे माणसांचं रांधते मी. पण आमच्या दारातून चार वर्षांत तिसरं माणूस आत आलं नाही. वाटलं, चार लोक येतील-जातील. बाबा दाराशी बसतील, आल्यागेल्याला या म्हणतील. त्यांना ते किती छान जमतं! दाराशेजारी बसायला एक जागासुद्धा ठेवलीय मी नकाशात."

"त्यांना सांगितलं होतंत हे?"

"उघडायच्या दिवशी सांगणार होते."

चारला पाच मिनिटं कमी असताना ते कचेरीत शिरले. साहेब जिना उतरत होते. दप्तरीने त्यांना जिन्यातच गाठलं, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, जिन्याच्या कठड्यावर फाइल टेकवली आणि एकेक पान उलटून पाहिलं.

"कुठे होती?"

"चुकीच्या जागी ठेवली गेली, साहेब. माझ्याकडून."

"तुमच्याकडून?" साहेबांनी भुवया वर नेल्या. "मग तसं लिहून द्या सोमवारी. नोंद होईल सेवापुस्तकात."

"देतो, साहेब."

साहेबांनी सही केली. खिडकीवालीने शिंकत शिंकत शिक्का मारला. परवाना सूनबाईच्या हातात पडला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तिने जागामालकाला फोन केला, कागदाचा फोटो पाठवला, आणि मग ती कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन थांबली. दप्तरी तिच्या मागे आला होता. काहीतरी बोलावं असं त्याला वाटत होतं. अभिनंदन म्हणणं बरं दिसलं नसतं.

"तुम्ही बाबांचं नाव सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "त्याबद्दल आभार."

"त्यात काय."

"एक विचारू? तो एजंट हसला, ते कधी?"

"बुधवारी," दप्तरी म्हणाला, आणि म्हणता म्हणताच आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

"म्हणजे पट्टी कोणी ठेवली ते तुम्हाला बुधवारीच कळलं होतं."

दप्तरीला खोटं बोलता आलं असतं. या आठवड्यात त्याला त्याची सवय होऊ लागली होती. "हो," तो म्हणाला. "बुधवारी संध्याकाळी."

"काल गुरुवार होता." ती सावकाश बोलत होती, स्वतःलाच समजावल्यासारखी. "काल दिवसभर मी जागामालकाच्या घरी बसले होते. पाया पडले त्याच्या. त्याच्या बायकोने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. आणि तुम्हाला माहीत होतं. मग काल का नाही आलात?"

रस्त्यावरून माणसं जात होती. दप्तरीने बऱ्याच गोष्टी आठवून पाहिल्या. पुरावा हवा होता, अग्निशमन केंद्रात जायचं होतं, खात्री करायची होती. सगळं खरं होतं आणि यातलं एकही कारण नव्हतं.

"काल एक वाजता ते जेवायला येणार होते," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. त्याच्या सदऱ्याचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं, ते त्याने स्वतः लावलेलं होतं.

"बाबांवर मी आता घरी जाऊन चिडणार आहे," ती म्हणाली. "खूप चिडणार आहे. चार दिवस बोलणार नाही. पाचव्या दिवशी बोलेन, कारण घरचं माणूस आहे, टाकता येत नाही. पण तुमच्यावर मी कुठल्या नात्याने चिडू?"

ती थोडा वेळ थांबली, त्याने काहीतरी म्हणावं अशी खरोखर वाट बघत थांबली, मग पायऱ्या उतरून बसच्या थांब्याकडे गेली. कचेरी सुटायला अजून तासभर होता. दप्तरी खाली गेला आणि आपली खोली उघडून बसला.